कोसे नदीकाठची नऊ नावं

“अरे, पेडल मार पेडल! उशीर झाला तर तासभर मागे उभं राहावं लागेल!” राधिका पुढून ओरडली.

“भर उन्हात इतिहास ऐकायला कोण जातं?” प्रथमेश धापा टाकत म्हणाला. “मी एदोगावाहून इथे सुट्टी घालवायला आलोय, शिक्षा भोगायला नाही!”

“माझा सुट्टीतला गृहपाठ आहे. गावाची माहिती लिहायचीय. आणि आज आईच्या हातचं श्रीखंड खाल्लंस, ते फुकट नव्हतं!”

प्रथमेश हा राधिकाचा मावसभाऊ, तेरा वर्षांचा, जपानच्या राजधानीत एदोगावाला राहणारा. राधिका बारा वर्षांची आणि तिचा भाऊ सारंग नऊ वर्षांचा. राधिकाचे बाबा गुणवंत टेंभेकर त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेत काम करायचे. शहरातलं घरभाडं ऐकून त्यांचे डोळे पांढरे झाले, म्हणून एप्रिलपासून मंडळी अर्ध्या तासावरच्या या खेड्यात राहायला आली होती. खेडं हिसागी तालुक्यातलं. कोसे नावाची नदी, तिच्या चढावर वरची वाडी आणि उतारावर खालची वाडी. एकेकाळी इथे शाळा होती, दुकान होतं, बसही यायची. आता शाळेच्या मैदानात गवत कमरेइतकं वाढलं होतं.

तिघं धावतच गावसभागृहात शिरली आणि दारातच थबकली.

चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. चाळीसच्या चाळीस रिकाम्या!

समोर टेबलाजवळ त्र्याऐंशी वर्षांचे निइहोरी सेन्सेई, म्हणजे निइहोरी गुरुजी, उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. मुलांना पाहून ते कमरेत वाकले, जणू सभागृह खच्चून भरलंय. मग त्यांनी हिसागी तालुक्यातल्या जुन्या घोडेवाटेबद्दल तासभर सांगितलं, एकही वाक्य न गाळता. घोड्यांना गवताचे जोडे घालत, हे ऐकून सारंग खुदकन हसला. तेवढाच काय तो सभागृहातला आवाज. मागच्या बाजूला गावकचेरीचे मोरिता-सान, म्हणजे मोरिताराव, व्याख्यान संपायच्या आधीच खुर्च्या मिटायला लागले होते. माणसाला काही लाज?

“पुढच्या शनिवारी शेवटचं व्याख्यान,” सेन्सेई म्हणाले. “पण ते होईल असं वाटत नाही.”

“का होणार नाही?” राधिकाने विचारलं.

उत्तर मोरिता-सानांनी दिलं. “जूनपासून कुणी येत नाही. शुक्रवारी पाच वाजता मी बंदचा कागद वर पाठवणार. नियमच आहे तसा.”

“आणि लोक यायचं म्हणाले तर?”

“दहा घरांनी सहीऐवजी मारतात तो नावाचा शिक्का मारून लेखी दिलं तर मला कागद पाठवता यायचा नाही.” मोरिता-सान हसले. “पण आमच्या गावात दहा घरं कशावर एकत्र शिक्का मारतात, ते मला तरी पाहायला मिळालेलं नाही!”

ते गेल्यावर सेन्सेई खुर्चीत बसले. एकदम फार म्हातारे दिसायला लागले.

“मला वाळीत टाकलंय, मुलांनो,” ते म्हणाले. “एप्रिल-मेमध्ये पंचवीस-तीस माणसं येत होती. जूनच्या पत्रकात मी शेवटच्या व्याख्यानाचा विषय छापला आणि तेव्हापासून कुणी इकडे फिरकलं नाही.”

“असा कुठला विषय?” सारंगने विचारलं.

सेन्सेईंनी हळूहळू सांगितलं आणि राधिकाने ते प्रथमेशसाठी मराठीत केलं; ती आणि सारंग जपानी शाळेत शिकलेली, तो इंग्रजी शाळेत. बहात्तर वर्षांपूर्वी कोसेला मोठा पूर आला. वरच्या वाडीची शेतं वाचवायला तिथल्या मुखियाने बांधाचं दार उघडायला लावलं. दार उघडण्याआधी घंटा वाजवायची, म्हणजे खालची वाडी सावध होते, असा रिवाज होता. त्या दिवशी घंटा वाजली नाही. खालच्या वाडीतली नऊ माणसं बुडाली. त्यांत तीन शाळकरी मुलं, सेन्सेईंबरोबर एकाच वर्गखोलीत बसणारी. पुढे गावाच्या इतिहासात ‘पूर आला’ एवढंच लिहिलं गेलं.

“घंटा का वाजली नाही, ते मला ठाऊक आहे,” सेन्सेई म्हणाले. “पुढच्या महिन्यात मुलगी मला योकोहामाला घेऊन जातेय. तिथून मी काही परत येत नाही. जाण्याआधी हे एकदा गावासमोर बोलायचं होतं. पण गावाला ऐकायचंच नाही.”

बाहेर आल्यावर प्रथमेशने मूठ आवळली. “हा कट आहे! नक्की त्या मुखियाच्या घरच्यांचा! कोण आहे त्यांच्यातलं?”

“कुरासावा-सान. त्याचाच मुलगा. आणि आता गावमंडळाचे अध्यक्षही तेच आहेत,” राधिका म्हणाली.

“मग चला! आधी पाळत ठेवू.”

“पाळत कशाला? सरळ विचारू की!” सारंग म्हणाला. नऊ वर्षांच्या माणसाला हेच बरं असतं.

कुरासावा-सान शेडमध्ये नाशपातींच्या पेट्या भरत होते. शहात्तर वर्षांचे, आडव्या बांध्याचे, मोजकं बोलणारे. व्याख्यानाचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

“मी काही अडवलेलं नाही,” ते म्हणाले. “दर महिन्याला पत्रक फिरत्या पाटीला लावून पाठवतो. ज्याला यायचं त्याने यावं.”

फिरती पाटी म्हणजे गावची टपालगाडीच म्हणा. जाड पुठ्ठ्याची पाटी, तिला गावच्या सूचना चिमट्याने लावलेल्या, वर बावीस घरांची यादी. आपण वाचायचं, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाटी यादीतल्या पुढच्या घरी नेऊन द्यायची. शेवटच्या घराने ती अध्यक्षांकडे परत करायची.

“मग जूनची पाटी परत आली?” राधिकाने विचारलं.

कुरासावा-सान पुढची पेटी ओढायला लागले.

“जुलैची?”

“हल्ली लोक सावकाश वाचतात.”

“ऑगस्टची?”

“हे बघा, मी दर महिन्याला नवी पाटी काढतो! काम अडू देत नाही!”

“तीन पाट्या गायब आणि तुम्ही कुणाला विचारलंसुद्धा नाही?” हे राधिकाच्या तोंडून निघून गेलं आणि तिनेच जीभ चावली. कुरासावा-सानांनी पेटीवर झाकण आपटलं. त्यांचे कान लाल झाले होते.

रस्त्यावर येताच प्रथमेशने वही काढली. “पाटी अडलीय. कुठे, ते शोधायचं. एक नंबरपासून सुरू!”

पहिल्या चार घरांनी, म्हणजे वरच्या वाडीने, पाट्या वाचल्या होत्या, शिक्के मारले होते, पुढे दिल्या होत्या. व्याख्यानाला का आला नाहीत, असं विचारल्यावर चारही दारं नम्रपणे लागली. सेन्सेईंना वाटत होतं त्यात काहीच खोटं नव्हतं तर!

मग उताराच्या वेगात पाच आणि सहा नंबर मागे टाकून तिघं थेट सातव्या घरी थांबली. तिथे शिमोदा नावाच्या बाई एकट्या राहत होत्या.

“पाटी? मे महिन्यानंतर पाटी आलीच नाही,” त्या म्हणाल्या. “व्याख्यानं बंद झाली असं आम्ही समजलो.” त्या जरा थांबल्या. “म्हणजे माझ्या सूचनेची पाटीही कुणाला मिळाली नसेल?”

“कुठली सूचना?”

“आमचे हे जूनमध्ये गेले. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीची सूचना जुलैच्या पाटीवर होती. मी वीस माणसांचं जेवण मागवलं होतं. दोघं आली.” त्यांनी पदराशी चाळा करावा तसा एप्रनच्या टोकाशी चाळा केला. “मला वाटलं, ह्यांचं गावाशी एवढं वाईट होतं का?”

वाकून नमस्कार करून तिघं बाहेर पडली.

“पाचव्या घराला पाटी मिळायची का ते विचारायचं राहिलंय, पण सातव्याला मिळालेली नाही हे पक्कं!” प्रथमेश रागाने म्हणाला. “म्हणजे चोर पाच नाहीतर सहा नंबरच्या घरात बसलाय! चला, आत्ताच्या आत्ता त्याला पकडू!”

“बावळटा,” राधिका पांढरीफटक पडून म्हणाली, “सहा नंबर आमचंच घर आहे.”

राधिकाची आई, म्हणजे प्रथमेशची रेखामावशी, स्वयंपाकघरात भाजी चिरत होती.

“पाटी ना? येते की!” रेखामावशी आनंदाने म्हणाली. “शेजारच्या ओनुकी आजी आणून देतात, बरोबर चार काकड्या. मी सही करते आणि परत देऊन येते.”

“परत? कुणाला परत?”

“कुणाला म्हणजे? ज्यांनी दिली त्यांना! आणि रिकाम्या हाताने नाही हं, डबाभर चिवडा घालून! शेजारणीची वस्तू काय तशीच परत करायची?”

राधिकाने कपाळावर हात मारला. “आई! ती पुढे द्यायची असते! सात नंबरला!”

आईची सुरी हातातच राहिली. “अगं बाई! पण मग आजी काहीच कशा बोलल्या नाहीत?”

तेच विचारायला चौघं शेजारी, पाच नंबरला गेली. ऐंशी वर्षांच्या ओनुकी आजी बैठकीत गुडघा पसरून बसल्या होत्या. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी एकावर एक तीन पाट्या होत्या आणि त्यांवर घासूनपुसून लख्ख केलेले तीन डबे.

आजींनी ते सगळं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. “एप्रिल आणि मेमध्ये मीच पाटी सातव्या घरी नेऊन दिली. जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग चालवेना.”

“पण आजी, आम्हाला सांगायचं होतंत!” आई काकुळतीला आली.

“तुम्ही इतक्या प्रेमाने खाऊ आणत होतात. चूक झाली हे कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हाला किती अवघडलं असतं! आणि डबे रिकामे कसे परत करू? दुकानात जाता येत नाही. एक डबा राहिला, मग दुसरा राहिला. पाट्याही राहिल्या.” आजींचे डोळे भरून आले. “रोज वाटायचं, उद्या बघू.”

आई मटकन खाली बसली. दोन्ही बायका एकमेकींची क्षमा मागत राहिल्या, एक जपानीत आणि एक अर्ध्या मराठीत. रीत दोघींनीही सोडली नव्हती, आणि तिकडे शिमोदाबाईंचं जेवण तसंच उरलं होतं. सारंग एकटाच पाट्यांवरची यादी वाचत होता. सातपासून पुढचे सगळे चौकोन कोरे होते.

“ताई,” तो म्हणाला, “सेन्सेईंना वाटतंय की लोक रागावलेत. पण खालच्या वाडीला तर काही माहीतच नाही!”

“बरोबर! आणि शुक्रवार पाचपर्यंत आपल्या हातात वेळ आहे!” प्रथमेश उठलाच. “दहा शिक्के! पाटी आपणच फिरवायची!”

राधिकाने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘शनिवारी दोन वाजता निइहोरी सेन्सेईंचं शेवटचं व्याख्यान. विषय: पुरात गेलेली खालच्या वाडीची नऊ माणसं. येणार असाल तर शिक्का मारा.’ पहिला शिक्का ओनुकी आजींनी तिथेच मारला.

“माझा थोरला भाऊ होता त्यांत,” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस तिघांनी सायकली दामटल्या. दामटल्या म्हणजे काय, प्रथमेशची चेन दोनदा तुटली! पण यादीवर नाव असलं म्हणजे घरात माणूस असतोच असं नाही, हे त्यांना नव्याने कळत होतं. आठव्या घराला कुलूप. दहाव्याच्या टपालपेटीत कोळ्याने जाळं केलेलं. तेराव्या घरात पडदे होते, कुंड्या होत्या, घंटाही वाजली, आणि शेजाऱ्याने सांगितलं की तिथला माणूस तीन वर्षांपूर्वी वारला. अशी सात घरं निघाली. बारा नंबरच्या आजोबांनी कागद वाचून परत दिला. “मेलेल्यांना झोपू द्या,” ते म्हणाले, आणि त्यांच्यावर रागावताही येईना.

शिमोदाबाईंनी मात्र शिक्का मारला. “सेन्सेईंकडे तरी कुणी जाऊ दे,” असं म्हणाल्या.

वरच्या वाडीने चारही चौकोन कोरे ठेवले. कुरासावा-सानांनी कागद फार वेळ हातात धरला. मग परत केला.

शुक्रवारी पावणेपाचला तिघं घामाने निथळत गावकचेरीच्या खिडकीशी उभी होती. मोरिता-सानांनी बोट टेकवत शिक्के मोजले.

“नऊ. एक कमी पडतोय. वाईट वाटतं मला.”

“पुन्हा मोजा!” प्रथमेश मराठीतच ओरडला.

पुन्हा मोजले. नऊच! बंदचा कागद टेबलावर तयार होता, पाकिटावर पत्तासुद्धा घातलेला. राधिकाला रडू फुटायच्या बेतात होतं. सगळी कुलपं तिला आठवली आणि त्या उघड्या दारांमधली माणसंही, जी उद्या इस्त्रीचे कपडे घालून बंद सभागृहाशी येणार होती.

सारंग टाचा उंचावून पाटीकडे बघत होता. “सहाचा चौकोन रिकामा आहे,” तो म्हणाला. “आपण सगळ्यांकडे गेलो. आपल्या घरी कुठे गेलो?”

मग राधिकाने प्रथमेशचा फोन हिसकावला. “आई! बाबांनी बँकेसाठी केलेला शिक्का घेऊन ये! आहेस तशी ये! दहा मिनिटं आहेत!”

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी रेखामावशी सायकलवरून आली. ओढणी कमरेला खोचलेली, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बागेतला बूट!

“हे घर मोजायचं का, ते मला पाहावं लागेल,” मोरिता-सान चाचरले. “तुम्ही भाड्याने राहता. शिवाय परदेशी.”

आईचं जपानी तोकडं, पण आज तिने ते पुरवून वापरलं. “कचरा वर्गवार लावायची पाळी येते तेव्हा आम्ही मोजतो. नाला साफ करताना मोजतो. यादीत सहा नंबरला कुणाचं नाव आहे, जरा वाचता का?”

मोरिता-सानांनी वाचलं. टेंभेकर. मग त्यांनी शाईची डबी पुढे सरकवली आणि बंदचा कागद खणात टाकला. त्यांनी आईच्या पायांकडे पाहिलं, पण हसले नाहीत. एवढं तरी केलं!

शनिवारी सभागृहात एकतीस माणसं होती. ओनुकी आजींना बाबांनी गाडीतून आणलं. बारा नंबरचे आजोबाही आले आणि कोपऱ्यात बसले. दोनला एक मिनिट असताना दारातून कुरासावा-सान आले. सगळ्यांच्या माना वळल्या. ते शेवटच्या रांगेत बसले.

सेन्सेईंनी पाणीही न पिता सुरुवात केली. “घंटेचा दोर माझ्या वडिलांच्या हातात होता. मुखिया म्हणाले, वाजवू नकोस, खालची माणसं धावत येतील आणि दार बंद करतील. वडिलांनी दोर सोडला. मी अकरा वर्षांचा होतो. शेजारी उभा होतो. मीही दोर ओढला नाही.”

सेन्सेईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

“मग मी चाळीस वर्षं याच गावात शिक्षक होतो. रोज हजेरी घेतली, पण ही नऊ नावं कधी घेतली नाहीत. आज घेतो.”

त्यांनी एक हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव वाचलं. मग ओनुकी आजी काठी टेकत उठल्या आणि भावाच्या वतीने म्हणाल्या, “हाइ.” म्हणजे हजर. दुसऱ्या नावाला अठरा नंबरचे काका उठले. तिसऱ्याला बारा नंबरचे आजोबा, तोंडातून शब्द फुटायला वेळ लागला, पण फुटला. प्रत्येक नावाला त्या त्या घरचं माणूस उठत होतं आणि सेन्सेई पटावर खूण करत होते.

“नववं. आसानो हात्सुए. वय नऊ.”

कुणी उठलं नाही. सेन्सेई चष्म्यावरून सगळीकडे बघत राहिले.

“त्या घरातलं कुणी उरलेलं नाही,” ओनुकी आजी हळूच म्हणाल्या. “घर बरीच वर्षं बंद होतं. माझ्या शेजारचं. सहा नंबर.”

आईने बाबांचा हात धरला. आणि त्यांना काही कळायच्या आत सारंग खुर्चीवरून उठला.

“हाइ!” तो शाळेत म्हणतो तसाच खणखणीत म्हणाला.

“अरे, खाली बस!” प्रथमेशने त्याचा सदरा ओढला.

“का? आपल्याच घरातली ना ती?”

सेन्सेईंची पेन्सिल पटावर बराच वेळ थांबली. मग त्यांनी खूण केली, पट मिटला आणि भिंतीकडे तोंड करून ते रडले. अख्खं सभागृह त्यांच्यासाठी थांबून राहिलं.

सगळ्यात शेवटी कुरासावा-सान उठले. खालच्या वाडीच्या माणसांसमोर येऊन ते इतके वाकले की त्यांच्या खिशातला चष्मा खाली पडला. चष्मा शिमोदाबाईंनी उचलून दिला.

दाराशी सेन्सेईंनी तिघांना थांबवलं. “राधिका-सान, तुमचा अभ्यास मी तपासणार नाही. तो उत्तम झालाय. प्रथमेश-सान, चेन तुटूनही तुम्ही थांबला नाहीत, हे मला कळलंय.” मग ते सारंगसमोर गुडघ्यांवर बसले. “आणि तुम्ही मला माझ्या वर्गातल्या मुलीची हजेरी मांडू दिलीत. त्याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे.”

“ती कुठे बसायची?” सारंगने विचारलं.

“माझ्या पुढच्या बाकावर, खिडकीपाशी,” सेन्सेई म्हणाले. “अक्षर फार सुंदर होतं तिचं.”

पुढच्या महिन्यात सेन्सेई योकोहामाला गेले. सहा नंबरच्या घरात खिडकीपाशी सारंगचं टेबल आहे. हल्ली तो तिथे बसून अक्षर गिरवतो, आणि असं का, ते आईने त्याला एकदाही विचारलेलं नाही.